लिनक्सवर सॉफ्टवेअर बसत नाही, ड्रायव्हर चालत नाही? टर्मिनल काय म्हणतंय ते आधी वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबवले, आणि तेव्हापासून माझ्याकडे लिनक्सची विचारपूस वाढली. नौपाड्यातला एखादा क्लास, वागळे इस्टेटमधलं छोटं वर्कशॉप, घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं ऑफिस, नेरुळच्या इंजिनीअरिंगच्या पोराचा दादाकडून आलेला लॅपटॉप. यंत्रं बहुतेक एकाच वयाची, चौथ्या ते सहाव्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह. विंडोज ११ ती अधिकृतपणे घेत नाहीत. लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं की मात्र पळायला लागतात.

इन्स्टॉल अर्ध्या-पाऊण तासात होतं. कटकट दुसऱ्या दिवशी सुरू होते. वायफाय दिसत नाही, प्रिंटर हलत नाही, टर्मिनल, म्हणजे कमांड टाकायची खिडकी, ‘ई:’ने सुरू होणाऱ्या ओळी फेकतं. मग लोक त्या ओळी न वाचता गूगलवर पुढची कमांड शोधायला धावतात आणि तिथून गुंता वाढत जातो. सॉफ्टवेअर बसवणारा एपीटी हा तसा बडबड्या प्रोग्राम आहे. काय अडलं, कुणामुळे अडलं आणि बऱ्याचदा काय करायचं, हे तो स्वतःच लिहितो.

पुढचं सगळं उबुंटू २४.०४ आणि त्यावर बेतलेलं मिंट २२ धरून आहे. उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनवाल्यांनाही यातलं बरंचसं चालेल.

कमांड टाकण्याआधी

इथल्या कमांड्स आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत, सगळी छोटी अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरून टाकायच्या. एपीटी म्हणजे तीन अक्षरं, डीपीकेजी म्हणजे चार, सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ. सुडो लावलं की कमांड अॅडमिनच्या हक्काने चालते आणि त्यासाठी तुमचा पासवर्ड मागते.

कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर पहिल्याच अक्षराला कळेल. सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की उबुंटूत भाषा बदलते. उबुंटूत हा पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा आणि एंटर मारा.

मोठा घोळ होतो तो व्हॉट्सअॅपवरून आलेल्या कमांडमुळे. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. डोळ्यांना कमांड तीच दिसते, पण लिनक्ससाठी ती वेगळी असते. ‘कमांड नॉट फाउंड’ किंवा ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ आलं, तर आधी रेघा पुसून हाताने पुन्हा टाका. टर्मिनलमध्ये पेस्ट करायला कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र लागतात.

सॉफ्टवेअर बसवणं

सुरुवात नेहमी या दोन ओळींनी करायची:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी

पहिल्या ओळीने काहीही अपडेट होत नाही, फक्त कुठलं सॉफ्टवेअर कुठे मिळतं याची यादी ताजी होते. ती ओळ गाळली तर यादी जुनी राहते आणि ४०४ ची, म्हणजे फाइल सापडत नसल्याची, तक्रार येते. दुसऱ्या ओळीत व्हीएलसीच्या जागी हवं ते नाव घाला.

दुसऱ्या कमांडनंतर ‘वाय’ की ‘एन’ असा प्रश्न येतो, आणि तिथे थांबायला शिकलं पाहिजे. एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला होता.

“अहो, तो वाय की एन विचारतोय. वाय दाबू ना?”

“वरती काय लिहिलंय बघा. ‘विल बी रिमूव्हड’ असं कुठे आहे का?”

“आहे की. त्याच्याखाली बरीच नावं आहेत. पहिलंच सिनॅमन.”

“एन दाबा.”

सिनॅमन हा मिंटचा डेस्कटॉप. वाय दाबलं असतं तर पुन्हा सुरू केल्यावर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ एवढंच उरलं असतं. हे भल्याभल्यांचं होतं. २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या उबुंटूवर बेतलेल्या लिनक्सवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर बसवताना असाच इशारा ओलांडला आणि कॅमेऱ्यासमोर त्याचा डेस्कटॉप उडाला. त्या वेळी पॅकेजातच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाठोड्यातच, दोष होता हे खरं, पण काय काढलं जाणार आहे ते पडद्यावर आधी छापून आलं होतं.

आता नेहमी भेटणाऱ्या तक्रारी.

‘कुड नॉट गेट लॉक /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’. दुसरा कुणीतरी आत्ता इन्स्टॉल करतोय, एवढाच याचा अर्थ. कोण ते पुढेच लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा ‘अनअटेंडेड-अपग्रेड’, म्हणजे उबुंटूचे आपोआप होणारे सुरक्षा-अपडेट. दहा-पंधरा मिनिटं थांबा. ही लॉकची फाइल पुसून टाका असा सल्ला नेटवर भरपूर मिळेल, तो ऐकू नका. दोन प्रोग्राम एकाच वेळी नोंदवहीत लिहायला लागले तर नोंदी बिघडतात.

‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’. डीपीकेजी हा एपीटीच्या हाताखाली पॅकेज बसवणारा प्रोग्राम. अपडेट चालू असताना लाइट गेली आणि यूपीएस नव्हता, की हे हमखास. उपाय त्याच ओळीत छापलेला असतो:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

त्यानंतर हेही एकदा चालवा:

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

इथेही काय काढणार आहे ती यादी वाचूनच वाय.

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’. यंत्राचं घड्याळ मागे आहे. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, त्यामुळे दर वेळी चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल बदला, कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकत असेल, तर सेलचा काही दोष नाही. विंडोज आतल्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स ती ग्रीनिचची समजतं. त्यावर ही कमांड:

टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, आणि डिस्क तर अर्धी रिकामी. ‘डीएफ -एच’ चालवून ‘/बूट’ची ओळ पाहा. तो विभाग वेगळा केलेला असेल तर जुन्या कर्नलांनी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, तुडुंब भरलेला असतो. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल निघतात.

‘अनेबल टू लोकेट पॅकेज’. एकतर नाव चुकलंय, नाहीतर ते तुमच्या आवृत्तीत नाही. ‘एपीटी सर्च’ आणि पुढे नावाचा तुकडा देऊन शोधा. नाव सापडलं तरी अडत असेल तर ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पूर्ण नाव टाका. कुठली आवृत्ती कुठल्या सर्व्हरवरून येणार ते दिसतं. ही कमांड फारशी कुणी सांगत नाही, मला मात्र सगळ्यात उपयोगी वाटते.

जुना सल्ला, नवी आवृत्ती

नेटवरची निम्मी उत्तरं जुन्या उबुंटूसाठी लिहिलेली असतात आणि फटका तिथे बसतो. २२.०४ चं टोपणनाव जॅमी, २४.०४ चं नोबल. मिंट २१ जॅमीवर उभं आहे, मिंट २२ नोबलवर. कुणी बाहेरचा सॉफ्टवेअर-स्रोत जोडायला सांगितला आणि त्या ओळीत जॅमी असेल, तर नोबलवर तो जोडू नका. ‘अनमेट डिपेंडन्सीज’, म्हणजे सोबत लागणारी पॅकेजं न जुळणं, ही जी प्रसिद्ध डोकेदुखी आहे, तिचं मूळ पुष्कळदा अशाच जोडलेल्या स्रोतात निघतं.

जुने लेख ‘/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट’ उघडायला सांगतात. उबुंटू २४.०४ नव्याने टाकलं असेल तर त्या फाइलीत जवळपास काहीच नसतं. खरी यादी शेजारच्या ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरमधल्या ‘उबुंटू.सोर्सेस’मध्ये आहे.

२४.०४ ने आणखी एक गंमत केली. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांत मोजलेली वेळ संपते. त्याची तयारी म्हणून डेबियन आणि उबुंटूने शेकडो लायब्ररींच्या, म्हणजे अनेक प्रोग्रामना लागणाऱ्या सामाईक पॅकेजांच्या, नावामागे ‘टी६४’ जोडलं. ‘लिबअसाउंड२’चं झालं ‘लिबअसाउंड२टी६४’, ‘लिबफ्यूज२’चं ‘लिबफ्यूज२टी६४’. त्यामुळे जुन्या लेखातलं नाव तसंच टाकलं तर पॅकेज सापडत नाही किंवा अनेकांतून एक निवडा असं उत्तर येतं. मागे टी६४ लावून बघा. अॅपइमेज प्रकारची (न बसवता थेट चालणारी) फाइल डबल क्लिक करूनही उघडत नसेल, तर तिला हीच लिबफ्यूज लागते.

साइटवरून डेब फाइल, म्हणजे उबुंटू-डेबियनचं पॅकेज, उतरवली असेल तर:

सुडो एपीटी इन्स्टॉल ./फाइलचंनाव.डेब

सुरुवातीचा टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर एपीटी तुमचं फोल्डर सोडून यादीत शोधत बसतं. यासाठी ‘डीपीकेजी -आय’ सांगणारे बरेच आहेत, पण ते सोबतच्या लायब्ररी आणत नाही आणि काम अर्धवट टाकतं.

कॉलेजच्या पोरांना पायथनची पॅकेजं आणणारं पिप नोबलवर ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’ म्हणून हाकलून देतं. त्याला जबरदस्तीने बसवायचा पर्याय तिथेच छापलेला असतो, तो वापरू नका. प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘पायथन३ -एम व्हीएन्व्ह’ने वेगळं वातावरण करा आणि त्यात पिप चालवा. आधी ‘पायथन३-व्हीएन्व्ह’ पॅकेज लागेल.

ड्रायव्हर: आधी ओळख, मग उपचार

विंडोजच्या सवयीने लोक ड्रायव्हरची सीडी किंवा सेटअप फाइल शोधतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. अडतं ते तीन ठिकाणी: चिपला लागणारी फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल नाही, ड्रायव्हर कर्नलबाहेरचा आहे, किंवा ड्रायव्हर आहे पण त्याला आत घेतलं जात नाहीये. यातलं कुठलं, ते कळल्याशिवाय काहीही बसवू नका.

लॅपटॉपच्या आतल्या चिपसाठी:

एलएसपीसीआय -एनएनके

यूएसबीला लावलेल्या वस्तूसाठी:

एलएसयूएसबी

यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. शेवटी चौकोनी कंसात मध्ये विसर्गचिन्ह असलेला आकडा असतो. त्याचा पहिला भाग कंपनी: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०डीई म्हणजे एनव्हीडिया. लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वायफाय चिपा घातलेल्या असतात. शोधायचं या आकड्यावरून. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे आणि दुखणं दुसरीकडे आहे. मग ‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बटण किंवा एफएन कळ बघा. ‘सॉफ्ट’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’.

‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल तर:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय फर्मवेअर

डीमेसेज म्हणजे डी-एम-ई-एस-जी. ‘फेल्ड विथ एरर -२’ दिसलं तर फर्मवेअरची फाइल डिस्कवर नाही. उबुंटूत ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज ताजं करा. डेबियनमध्ये इंटेलसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हा माल इन्स्टॉलरमध्येच येतो, त्याआधी फार छळ होता.

आता कुणीही विचारेल, वायफायच नाही तर हे उतरवायचं कशावरून? अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं यूएसबी टेथरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं नेट वाटतं आणि त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही जात नाही. केबल मात्र नुसत्या चार्जिंगची नको.

नेट आलं की उबुंटूत:

उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस
सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल

पहिली कमांड यादी देते आणि योग्य ड्रायव्हरपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिते, दुसरी तो बसवते. मिंटमध्ये हेच काम ड्रायव्हर मॅनेजर माउसने करून देतो. ब्रॉडकॉमची वायफाय चिप आणि एनव्हीडियाचं कार्ड या दोन्हींसाठी हा रस्ता पुरेसा आहे. चिप नवीन असेल आणि ड्रायव्हर यादीतच नसेल तर नवा कर्नल घेऊन बघा:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४

एनव्हीडियाच्या साइटवरची रन फाइल घेऊ नका. आज चालेल, पण कर्नलचा पुढचा अपडेट आला की पडदा काळा होऊ शकतो, आणि एपीटीला तिच्याबद्दल काही माहीतच नसतं. फार जुन्या कार्डांसाठी ३९० मालिकेचा ड्रायव्हर होता, त्याचा आधार एनव्हीडियाने २०२२ अखेर संपवला. अशा कार्डावर नूव्हो हा कर्नलमधला मुक्त ड्रायव्हर ठेवावा. सोसायटीची बिलं काढायला आणि यूट्यूब बघायला तो पुष्कळ झाला.

निळा पडदा आणि दहा सेकंद

ड्रायव्हर बसला, एरर नाही, तरीही कर्नल त्याला आत घेत नाही. मग हे तपासा:

मोकयूटिल --एसबी-स्टेट

‘सिक्युअरबूट एनेबल्ड’ आलं तर गाठ सापडली. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही. ब्रॉडकॉमसारखे बाहेरचे ड्रायव्हर तुमच्याच यंत्रावर डीकेएमएसकडून (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर तयार करणाऱ्या प्रोग्रामकडून) तयार होतात, म्हणून त्यांच्यावर तुमच्याच यंत्राची सही लागते आणि ती सही तुम्ही एकदा मंजूर करावी लागते. इन्स्टॉल करताना मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतात तो यासाठी. आठ अंक ठेवा आणि कागदावर लिहा.

मग रीस्टार्ट. इथे खुर्चीतून उठू नका. निळ्या पडद्यावर ‘प्रेस एनी की’ येतं आणि दहापासून उलटे आकडे सुरू होतात. कुठलीही कळ दाबा. ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मघाचा पासवर्ड, ‘रीबूट’. चहा आणायला गेलात तर पडदा निघून जातो, यंत्र शहाण्यासारखं सुरू होतं आणि ड्रायव्हर मात्र बाहेरच राहतो. पडदा पुन्हा आणायला:

सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग. दुकानदार सर्रास तेच करतात. फक्त लिनक्स असलेल्या जुन्या पीसीवर माझी हरकत नाही. शेजारी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) लावलेलं विंडोज असेल तर करू नका, पुढच्या वेळी ते रिकव्हरी की मागू शकतं.

काल चालणारा ड्रायव्हर कर्नल अपडेटनंतर आज बंद पडला, तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर बहुधा हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली, नाहीत:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

घाईचं काम असेल तर सुरुवातीच्या ग्रब मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. तो तिथेच असतो.

प्रिंटर, आणि अर्डुइनो

हल्लीचे नेटवर्क प्रिंटर लिनक्सवर आपोआप दिसतात. अडतात ते ऑफिसातले जुने घोडे. एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू केल्यावर यंत्राकडून फर्मवेअर लागतं, आणि ते एचपीच्या बंदिस्त प्लगइनमध्ये येतं:

सुडो एपीटी इन्स्टॉल एचपीएलआयपी
एचपी-प्लगइन -आय
एचपी-सेटअप -आय

एचपीएलआयपीची आवृत्ती बदलली की प्लगइनही त्याच आवृत्तीचं लागतं. ‘अपडेटनंतर प्रिंट येत नाही’ असा फोन आला की दुसरी ओळ पुन्हा चालवायला सांगायची. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे घरोघरी आहे, पण कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर ३२ बिटी लायब्ररींवर अडून बसतो आणि नव्या आवृत्त्यांवर रडवतो. मन लावून बसवता येतो, पण दुसरा कुठलाही प्रिंटर हाताशी असेल तर मी त्याच्या नादी लागायला सांगणार नाही.

शेवटी पोरांसाठी. अर्डुइनोचा (इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रोजेक्टसाठीचा) स्वस्त बोर्ड जोडला, एलएसयूएसबीत १ए८६:७५२३ दिसतंय, पण पोर्ट येत नाही. ही सीएच३४० चिप आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहे. तरी पोरं गिटहबवरून ड्रायव्हर आणून कंपाइल करत बसतात. सुडो डीमेसेजच्या शेवटच्या ओळी वाचल्या तर तिथे ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसेल. हा ब्रेल यंत्रांसाठीचा प्रोग्राम आणि उबुंटू २२.०४ मध्ये तो या चिपला ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकावतो. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर:

सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय

बोर्ड काढून पुन्हा लावा. पोर्ट दिसला पण ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर स्वतःला डायलआउट गटात (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या) घाला:

सुडो अॅडयूजर तुमचंयुजरनेम डायलआउट

यानंतर लॉगआउट करून परत आत यावं लागतं, नुसतं टर्मिनल बंद करून चालत नाही.

मदत मागायची वेळ आली तर आवृत्ती, चिपचा आकडा आणि पहिल्या ‘ई:’पासूनचा सगळा मजकूर द्या. मोबाइलने स्क्रीनच्या शेवटच्या दोन ओळींचा तिरका फोटो पाठवू नका. आणि ‘मी काही केलं नाही, आपोआप बिघडलं’ असं वाटत असेल तर ‘/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’ उघडा. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठली कमांड चालली आणि तिने काय काढलं ते सगळं त्यात असतं. जुन्या महिन्यांच्या नोंदी शेजारीच जीझेड फाइलींत असतात, त्या झेडकॅटने वाचता येतात. काढलं गेलेलं नाव तिथून उचला आणि पुन्हा इन्स्टॉल करा.